बाबा, तुम्ही वाचलात कसे?

एका पोराने बापासमोर टेपरेकॉर्डर ठेवला आणि विचारलं, तेव्हा नेमकं काय झालं होतं? त्या उत्तरांचं एक कॉमिक झालं. रेकॉर्डर तर तुमच्याही खिशात आहे. प्रश्न विचारलाय का कधी?

दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा मित्रांसोबत स्केटिंग करत निघालाय. मध्येच स्केट तुटतं, तो धाडकन पडतो. मित्र थांबत नाहीत, उलट चिडवत पुढे निघून जातात. पोरगा रडत घरी येतो. दारापुढे बाप करवतीने लाकूड कापत असतो. काय झालं म्हणून विचारतो. मित्र सोडून गेले, पोरगा सांगतो.

आता कुठलाही बाप काय म्हणेल? ‘जाऊ दे रे, उद्या येतील बोलायला.’ हा बाप हातातलं काम थांबवतो आणि त्या पोराला सांगतो की, मित्र कशाला म्हणतात ते कळायला माणसांना एका खोलीत कोंडून आठवडाभर उपाशी ठेवावं लागतं.

बस. एवढंच. पुढे काही नाही. पान संपतं.

‘माऊस’ या पुस्तकाची सुरुवात ही अशी. स्केटचा पट्टा तुटला म्हणून रडणाऱ्या पोराला त्या खोलीबद्दल काय कळणार? पण घरात काहीतरी आहे, ज्याबद्दल कुणी बोलत नाही, एवढं मात्र कळतं.

आणि हे तुम्हालाही माहितीय. ताटात भात राहिला की आजोबा बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी आणि मिलो काढतात आणि तुम्ही मोबाइलमध्ये बघत ‘हो हो’ म्हणता. किल्लारीकडचे असाल तर घरात कुणीतरी असं असतंच की ज्याला स्लॅबखाली झोपच येत नाही, अजून अंगणात खाट टाकतो. का, ते आपण विचारत नाही. आपल्यासाठी तो घरातल्या माणसाचा स्वभाव असतो.

तर हा पोरगा म्हणजे आर्ट स्पीगलमन. जन्म १९४८चा, म्हणजे आपला मराठवाडा निजामाच्या तावडीतून सुटला ते वर्ष. आई अँजा आणि वडील व्लादेक, दोघंही पोलंडमधले ज्यू. हिटलरच्या नाझी राजवटीने सुमारे साठ लाख ज्यू मारले. त्याला होलोकॉस्ट म्हणतात, हे आपण शाळेच्या पुस्तकात चार ओळींत वाचलंय. हे दोघं ऑशवित्झच्या छळछावणीतून जिवंत परत आले. त्यांचा पहिला मुलगा रिश्यू आला नाही. आर्ट हा युद्धानंतर झालेला, न्यूयॉर्कमध्ये वाढलेला, कॉमिक्स काढणारा, लांब केसांचा, बापाशी अजिबात न पटणारा मुलगा.

बापाशी न पटणारा, हे महत्त्वाचं. कारण हे पुस्तक भक्तिभावाने लिहिलेलं नाही.

सत्तरच्या दशकात तो वडिलांकडे जायला लागला, प्रश्न विचारायला लागला. व्लादेक एका जागी उभ्या सायकलवर पाय मारत व्यायाम करायचा आणि पाय मारता मारता बोलायचा. पोराच्या हातात आधी वही-पेन, मग टेपरेकॉर्डर. १९८०पासून ही चित्रकथा ‘रॉ’ नावाच्या मासिकात तुकड्या-तुकड्यांनी येऊ लागली. पहिला भाग पुस्तकरूपात आला १९८६ला, दुसरा १९९१ला. १९९२ला विशेष पुलित्झर मिळालं. कॉमिकला! गंमत म्हणजे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने खपाच्या यादीत ते कादंबऱ्यांच्या रांगेत टाकलं होतं. स्पीगलमनने पत्र लिहून हरकत घेतली, मग ते सत्यकथांच्या रांगेत गेलं. उंदरांची गोष्ट म्हणजे खोटीच असणार, असं वाटलं असेल बहुतेक त्यांना.

हो, उंदीर. यात ज्यू आहेत उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं आणि अमेरिकन कुत्रे. नाझी प्रचारात ज्यूंना उंदीर, घूस म्हणायचे. स्पीगलमनने तीच शिवी उचलली आणि तिचे मुखवटे केले. माणसाचं अंग, उंदराचं तोंड. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, एखादी रेघ. दोन-चार पानांतच तुम्ही विसरता की हे उंदीर आहेत. रंग नाहीत, नुसतं काळं-पांढरं. चित्रं छापील आकारातच, साध्या फाउंटन पेनाने काढलेली. चकाचक मांगा बघायची सवय असेल तर पहिल्यांदा वाटेल, हे काय गिचमिड! थोडा दम धरा.

मला स्वतःला यातला सगळ्यात भारी भाग वाटतो तो म्हातारा व्लादेक. छावणीतून वाचलेला माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर संत उभा राहतो. हा संत नाही. हा महाचिक्कू आहे. रस्त्यावर पडलेली वायर उचलून खिशात घालतो. पोराचा जुना कोट आवडला नाही म्हणून परस्पर कचऱ्यात टाकतो. दुकानातून आणलेली, अर्धी खाल्लेली खाऊची पाकिटं परत करायला जातो आणि छावणीची कहाणी सांगून दुकानदाराकडून बदलूनही आणतो! पोरगा बाहेर गाडीत लाजेने अर्धमेला. वाचताना हसू येतं, मग जरा वेळाने पोटात कालवतं. कारण हीच काटकसर, हीच ‘फेकू नको, लागेल’ ही खोड त्याला तिथे जगवत होती. त्याला इंग्रजी येत होतं म्हणून कैद्यांवरच्या मुकादमाची शिकवणी घेतली आणि धड कपडे मिळवले. कधी पत्रेकाम केलं, कधी बूट शिवले. जगलेल्या माणसाची सवय त्याच्या अंगावर राहिली, तिचा घरच्यांना वैताग. आपल्या घरात प्लास्टिकच्या पिशव्यांच्या घड्या गादीखाली ठेवणारी आजी असते ना, तसंच.

आणि अजून एक. याच व्लादेकसमोर त्याची सून एका काळ्या माणसाला गाडीत लिफ्ट देते, तर हा पूर्ण रस्ता धुसफुसतो, की हा चोरच असणार. सून अवाक. नाझींनी तुमच्याबद्दल जे म्हटलं तेच तुम्ही यांच्याबद्दल म्हणताय? म्हाताऱ्याला त्यात काही चुकीचं वाटतच नाही. पोराने हेही काढलं. लपवलं नाही.

इथे मला आपलं गाव आठवतं.

हिमायतनगर. जुनं नाव वाढोणा. म्हातारी माणसं अजून तेच म्हणतात. हिमायतनगर हे नाव निजामाच्या काळातलं. रोज नंदीग्रामच्या पाटीवर वाचतो, पण नाव कुणाचं, कधीचं, विचारत नाही. दरवर्षी सतरा सप्टेंबरला झेंडा, भाषण, बिस्कीट पुडा. स्वामी रामानंद तीर्थ, रझाकार, लातुरात वकिली केलेला कासिम रझवी, उमरीची बँक, पोलीस ॲक्शन. १३ सप्टेंबर १९४८ला फौजा शिरल्या, १७ला निजाम शरण आला. भाषण पाठ असतं आपल्याला. पण त्या वर्षी तुमचं घर नेमकं कुठे होतं? कोण कुठे लपलं? काय खाल्लं?

आधीच सांगतो, रझाकारी आणि होलोकॉस्ट एकाच मापात मोजू नका. दुःखाची स्पर्धा लावली की दोन्हीकडचं खरं काही कळत नाही. मी म्हणतोय ते घरातल्या गप्प माणसाबद्दल.

तेव्हा आपल्याकडची सरहद्द म्हणजे पैनगंगा. अलीकडे निजाम, पलीकडे वऱ्हाड. रझाकारांच्या भीतीने कितीतरी घरं नदी ओलांडून उमरखेडच्या बाजूला गेली. सत्याग्रहींचा कॅम्पही तिकडेच होता. ही झाली गोष्टीची एक बाजू, जी आपण भाषणात ऐकतो. दुसरी बाजू पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांतली. तेव्हा हिशोब चुकते झाले ते बऱ्याच ठिकाणी ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता अशा मुसलमान घरांवर. भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाहणीला माणसं पाठवली. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा आहे आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेडचं नाव आहे. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. म्हणजे तुमच्या वर्गात तुमच्याच बाकावर बसणाऱ्याच्या घरातही एक आजी असू शकते, जी सप्टेंबर म्हटलं की गप्प होते. तिची गप्पी वेगळी, तुमच्या आजीची वेगळी. दोन्ही ऐकायला कान एकच लागतात.

१९४८ला जो दहा वर्षांचा होता, तो आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. घाई आहे, एवढं समजून घ्या.

‘माऊस’मध्ये एक जागा आहे, ती कुणाशीही या विषयावर बोलण्याआधी वाचावी अशी. छावणीत कैदी कामाला निघायचे तेव्हा फाटकाजवळ वाद्यवृंद वाजायचा. कागदोपत्री नोंद आहे. पोरगा बापाला विचारतो. बाप म्हणतो, छे, कसला वाद्यवृंद? मला नुसतं चालणं आठवतं. आता चित्रकाराने काय करायचं? इतिहास खरा की बाप खरा? त्याने आधी वाद्यवृंद काढला, मग पुढच्या चित्रात त्याच्यासमोरून चालणाऱ्या कैद्यांची रांग काढली. वाद्यवृंद झाकला गेला, पण रांगेच्या मागून थोडासा दिसतोच. वादही नाही, समजावणंही नाही. एवढ्याशा चित्रात दोन्ही राहिलं.

पण या स्पीगलमनच्या सगळ्याच गोष्टी मला पटत नाहीत बरं का. सुरुवातीलाच व्लादेक आपल्या लग्नाआधीच्या एका प्रेमप्रकरणाबद्दल सांगतो आणि म्हणतो, हे पुस्तकात नको. पोरगा वचन देतो. आणि ते वचनही छापतो आणि प्रकरणही! घरच्यांचं दुःख रील करून टाकायच्या आपल्या काळात यावर जरा थांबायला पाहिजे. आजी बोलली म्हणजे तिने स्टेटसला ठेवायची परवानगी दिली असं होत नाही.

आईची कहाणी तर अजूनच अवघड. अँजाने १९६८ साली आत्महत्या केली. तिने युद्धातल्या आठवणी वह्यांमध्ये लिहिल्या होत्या, पोराने मोठेपणी वाचाव्यात म्हणून. पोरगा पूर्ण पुस्तकभर त्या वह्या शोधतोय, बाप ‘बघू, कुठेतरी असतील’ म्हणत टाळतोय. आणि पहिल्या भागाच्या शेवटी कळतं की तिच्या मरणानंतर एका वाईट दिवशी बापानेच त्या जाळून टाकल्या. त्यानंतर पोरगा बापाला जे म्हणतो ते तुम्ही स्वतःच वाचा.

म्हणून म्हणतो, वही असेल तर आजच फोटो काढून ठेवा. वही नसेल तर विचारा. मोठे प्रश्न विचारू नका. ‘रझाकारांबद्दल तुमचं मत काय’ म्हटलं की समोरून भाषणच येतं. हाताला काम असताना विचारा. आजी शेंगा फोडत असेल, आजोबा दोरी वळत असतील. चूल कुठे होती, पाणी कोण आणायचं, घर सोडताना बरोबर काय घेतलं, असं काहीतरी. आणि फोन समोर ठेवताना सांगून ठेवा.

मी माझ्या आजीला विचारलं होतं. त्या वर्षी ती आठेक वर्षांची. रेकॉर्डिंग फक्त अकरा मिनिटांचं आहे, त्यात दोनदा कुकरची शिट्टी. रात्री निघालो, नदीला पाणी होतं, वडिलांनी खांद्यावर घेतलं, एवढं तिने दोन वाक्यांत संपवलं. मग म्हणाली, ‘शेळी सोडायची राहिली बापू. दाव्यालाच बांधून राहिली.’ पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. रझाकार नाही, गोळीबार नाही. शेळी.

मला चित्र काढता येत नाही. तरी ‘माऊस’ वाचून झाल्यावर एका रात्री वहीच्या मागच्या पानावर काढलं: एक घर, एक खुंटा, एक शेळी. सकाळी आजीला दाखवलं. तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं.

‘ही काय शेळी हाय का? कुत्रं काढलं की तू.’

मग तिने माझ्या हातातला पेन घेतला. ‘कान असे लांब होते तिचे, खाली लोंबायचे. काळी होती. अन् खुंटा इकडं नव्हता, जात्यापाशी होता. जात्यापाशी माय बसली होती त्या दिवशी, तिला काही केल्या उठवंना...’

मी फोन चालू केला नाही. नुसता ऐकत बसलो.