नाद पारखावा कसा?

बाजारात माठ घ्यायला गेलेला माणूस टिचकी मारून तो वाजवून पाहतो, आवाज खणखणीत आला की पैसे मोजतो. गिटारचा अँप्लिफायर घेतानाही ही रीत पुरते, असे आम्हांस एके काळी वाटत होते. दुकानात दोन यंत्रे वाजवली, भरदार वाटले ते घरी आणले. आणि पहिल्याच तालमीत ड्रम व बेस गिटार सुरू होताच आमचे गिटार ऐकू येईनासे झाले. साठविलेले पैसे तर गेलेच. पण दोष यंत्राचा नव्हता, आमच्या पारखण्याच्या रीतीचा होता. ती रीत कशी असावी, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम ‘हाय गेन’ म्हणजे काय? गिटारच्या पिकअपमधून येणारा विजेचा संकेत फार क्षीण असतो. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये तो पायरीपायरीने वाढविला जातो. प्रत्येक पायरीला मर्यादा असते. ती ओलांडली की लहरींचे माथे छाटले जातात, आणि मूळ स्वराबरोबर नवे उपस्वर निर्माण होतात. तंबोऱ्याच्या जवारीने नाद उपस्वरांनी कसा भरून येतो, हे आपण जाणतोच. येथे कारण निराळे, परंतु कानाला लाभणारी समृद्धी त्याच जातीची. अशा पायऱ्या एकापुढे एक रचल्या म्हणजे हाय गेन साधतो. त्यात स्वर लांबतो, हलक्या व जोरकस आघातातील अंतर घटते, आणि त्याबरोबर खरखरही वाढते.

मग सारीच यंत्रे माथे छाटतात, तर फरक कोठे पडतो? पुष्कळसा फरक नादाला वळण देणाऱ्या खुंट्या कोठे बसविल्या आहेत यात असतो. 1981 साली आलेल्या ब्रिटनच्या मार्शल जेसीएम 800 मध्ये खर्ज, मध्य व तार यांच्या खुंट्या छाटणीनंतर येतात. तेथे खर्ज वाढविला की तयार झालेला नादच जड होतो. कॅलिफोर्नियाच्या मेसा बूगी ‘मार्क’ मालिकेत मात्र या खुंट्या मुख्य छाटणीच्या आधी आहेत. तेथे खर्ज वाढविला तर खर्जच छाटला जातो व नाद गढूळ होतो. म्हणून वादक तो कमी ठेवतात, आणि वजन नंतरच्या पाच सरकत्या पट्ट्यांनी देतात. त्या पट्ट्या 80, 240, 750, 2200 व 6600 हर्ट्झवर काम करतात. तेव्हा ‘दोन्ही यंत्रांच्या साऱ्या खुंट्या मध्यावर ठेवून तुलना केली’ हे दिसायला न्यायाचे, पण प्रत्यक्षात अन्यायाचे आहे. प्रत्येक यंत्राला त्याच्या स्वभावाप्रमाणे आधी जुळवून घ्यावे.

दुसरा फसवा साक्षीदार म्हणजे आपला कान. आवाज लहान असता कानाला खर्ज व अतितार कमी ऐकू येतात, हे फ्लेचर व मन्सन यांनी 1933 सालीच मोजून दाखविले. म्हणून दोहोंपैकी किंचित मोठ्याने वाजणारे यंत्र आपल्याला अधिक भरदार, म्हणजे ‘चांगले’ वाटते. यावर उपाय सोपा आहे: एकाच जागी बसून डेसिबल मोजावे व दोन्ही यंत्रे समान पातळीवर आणावीत. 100 वॅटचे यंत्र 50 वॅटच्या दुप्पट मोठे वाजत नाही. कमाल पातळीतील अंतर केवळ 3 डेसिबलचे असते.

गिटार एकच असावे, आणि स्पीकरची पेटीही एकच असावी. 12 इंची गिटार-स्पीकर सुमारे 5000 हर्ट्झच्या वर झपाट्याने मंद होतो, आणि प्रत्येक जातीचा उतार वेगळा. पेटी बदलली तर आपण यंत्रांची नव्हे, पेट्यांची तुलना करीत असतो. पेटीचे ओहम यंत्राशी जुळलेले असावेत, आणि व्हॉल्व्हचे यंत्र स्पीकर जोडल्यावाचून कधीही वाजवू नये. एकच तुकडा लूपरवर धरून दोन्हींतून वाजवला तर हाताचा फरकही उरत नाही.

शेवटची कसोटी संगतीची. एकट्याने ऐकताना मध्य कमी केलेला नाद भव्य वाटतो. आमची फसगत येथेच झाली. मैफलीत खर्ज बेस व्यापतो, तार झांजा व्यापतात. गिटारच्या वाट्याला मध्यच उरतो, आणि तोच आपण काढून टाकलेला असतो! म्हणून बेस-ड्रमचे ध्वनिमुद्रण सोबत लावूनच निवड करावी.

आणि हे सारे थोडा वेळच करावे. 85 डेसिबलला आठ तास ही कानाची मर्यादा धरली, तर दर 3 डेसिबलला ती निम्मी होते. 100 डेसिबलला पंधराच मिनिटे उरतात. माठ फुटला तर दुसरा आणता येतो, यंत्र चुकले तर विकता येते. पण ज्या कानाने पारख करावयाची, तो बाजारात मिळत नाही.