चेहरा नसलेला ड्रायव्हर

कॅलिफोर्नियाच्या रखरखीत डोंगराळ भागातून एक सेल्समन आपल्या लाल प्लिमथ गाडीतून कामाला निघाला आहे. पुढे एक जुनाट, तेलकट, काळा धूर ओकणारा टँकर रखडत चाललाय. सेल्समन त्याला ओव्हरटेक करतो. एवढ्याच कारणावरून टँकर त्याच्या जिवावर उठतो आणि पुढचा सगळा वेळ त्याची पाठ सोडत नाही. ‘ड्यूएल’ या सिनेमाचं कथानक यापेक्षा मोठं नाही. तरीही पन्नासहून अधिक वर्षं प्रेक्षक त्यावर वाद घालत आहेत, आणि ते वाद ऐकताना हा सिनेमा नव्याने समजत जातो.

‘ड्यूएल’ थिएटरसाठी बनलाच नव्हता. शनिवार, १३ नोव्हेंबर १९७१ रोजी अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर तो पहिल्यांदा दाखवला गेला. जाहिराती धरून दीड तासाची वेळ, म्हणून सिनेमाची लांबी ७४ मिनिटं. चित्रीकरण साधारण दोन आठवड्यांत उरकलेलं, खर्च साडेचार लाख डॉलरच्या आसपास. दिग्दर्शकाचं वय चोवीस, आणि तोवर त्याच्या नावावर मुख्यतः टीव्ही मालिकांच्या काही भागांचं काम जमा होतं. तो दिग्दर्शक म्हणजे स्टीव्हन स्पीलबर्ग. पुढे काही वर्षांनी हेच स्पीलबर्ग ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’च्या चित्रीकरणासाठी आपल्या खोपोलीजवळच्या हाळ गावात येऊन गेले.

गोष्टीचं बीज मात्र आणखी मागचं आहे. २२ नोव्हेंबर १९६३ या दिवशी लेखक रिचर्ड मॅथेसन एका लेखक मित्राबरोबर गोल्फ खेळायला गेले होते. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येची बातमी आली, खेळ अर्ध्यावर सुटला आणि दोघं घरी निघाले. वाटेत एका अरुंद घाटरस्त्यावर एक ट्रक त्यांच्या गाडीच्या अगदी मागे लागला. जीव मुठीत धरून दोघं कसेबसे रस्त्याच्या कडेला झाले. हा अनुभव मॅथेसन यांच्या मनात कित्येक वर्षं राहिला, त्याची कथा झाली आणि ती एप्रिल १९७१च्या ‘प्लेबॉय’मध्ये छापून आली. पटकथाही त्यांनीच लिहिली. आधीच हादरलेल्या माणसावर कुणी अनोळखी, विनाकारण चालून यावं, ही भावना सिनेमात शेवटपर्यंत टिकून आहे.

नायक डेव्हिड मॅन. अभिनेता डेनिस वीव्हर. हा काही धाडसी गडी नाही. टाय बांधलेला, चष्मा लावणारा, घरी बायकोचा रोष ओढवून निघालेला, कामाची वेळ चुकू नये म्हणून घड्याळाकडे बघणारा. पेट्रोल पंपावरचा माणूस त्याला सांगतो की रेडिएटरचा होज बदलायला झालाय. मॅनला वाटतं, हा आपला माल खपवतोय, आणि तो नको म्हणतो. तोच होज पुढे चढावर दगा देतो. रहस्यपट रचायचा कसा, हे शिकायचं असेल तर एवढा एक धागा पुरेसा आहे.

सुरुवातीला एक छोटा प्रसंग आहे. टँकर पुढे, मॅन मागे. खिडकीतून ड्रायव्हरचा हात बाहेर येतो आणि ‘या, पुढे जा’ अशी खूण करतो. आपल्याकडे घाटात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ही खूण पाठ आहे. ट्रकवाल्याने हात दाखवला की आपण निर्धास्तपणे पुढे काढतो, कारण समोरचा रस्ता त्याला दिसत असतो. मॅनही तेच करतो. समोरून भरधाव गाडी येत असते. टक्कर केसभराने टळते आणि त्या क्षणी प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. रस्त्यावरची अनोळखी माणसं ज्या एका विश्वासावर एकमेकांना सांभाळून घेतात, त्या विश्वासाचाच इथे हत्यार म्हणून वापर झालेला असतो.

त्या ड्रायव्हरचा चेहरा आपल्याला शेवटपर्यंत दिसत नाही. कधी हात दिसतो, कधी ट्रकखालून बूट दिसतात, बस. प्रेक्षकांचे बहुतेक तर्क इथूनच फुटतात. पुढच्या बंपरवर वेगवेगळ्या राज्यांच्या नंबरप्लेट ठोकलेल्या आहेत. अनेकांना वाटतं, या आधीच्या बळींच्या खुणा आहेत. काहींच्या मते ड्रायव्हर कुणी नाहीच, ट्रकच जिवंत आहे. स्पीलबर्ग यांनी अनेक ट्रकमधून १९५५चा हा पीटरबिल्ट निवडला तो त्याच्या समोरच्या बाजूला चेहऱ्याची ठेवण होती म्हणून, हे लक्षात घेतलं की हा तर्कही वावगा वाटत नाही. आणखी काही प्रेक्षक म्हणतात, हे सगळं मॅनच्या डोक्यात चाललंय. पण टँकर इतरांनाही दिसतो, त्याने केलेली मोडतोड खरी असते. त्यामुळे हा तर्क मला पटत नाही.

इटलीत तर वेगळाच वाद झाला. सिनेमा युरोपात थिएटरमध्ये लागला तेव्हा रोमच्या पत्रकारांनी स्पीलबर्ग यांना गाठलं. टँकर म्हणजे कष्टकरी वर्ग, मोटार म्हणजे मध्यमवर्ग, हा वर्गसंघर्षच आहे ना, असा त्यांचा सूर होता. आपल्या मनात तसं काही नव्हतं, असं या तरुण दिग्दर्शकाने सांगितल्यावर काही पत्रकार उठून निघून गेले. दिग्दर्शकाने नाकारलं म्हणून अर्थ खोटा ठरतो असं नाही. टायवाला मॅन ढाब्यावरच्या बूटवाल्या माणसांकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर सिनेमात आहेच.

तो ढाब्याचा प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. पहिल्या जीवघेण्या पाठलागानंतर मॅनची गाडी कुंपणावर आदळते आणि तो समोरच्या ‘चक्स कॅफे’त शिरतो. बाथरूममध्ये तोंडावर पाणी मारतो, बाहेर येतो, खिडकीतून सहज बघतो, तर टँकर दारात उभा. म्हणजे ड्रायव्हर आतच बसलेला असणार. काउंटरवर ओळीने माणसं बसलीत आणि सगळ्यांच्या पायांत त्या ड्रायव्हरसारखेच बूट. मॅन सँडविच मागवतो, पण घास उतरत नाही. जाऊन माफी मागावी का, पोलिसांना बोलवावं का, याची मनातल्या मनात उजळणी चाललेली. अखेर तो धीर करून एका माणसाला जाब विचारतो, शब्दाने शब्द वाढतो, हातातलं सँडविच उडतं आणि मॅन मार खातो. तो माणूस निघून जातो, तोही दुसऱ्याच गाडीत बसून. थोड्या वेळाने बाहेर टँकर घरघर करत सुरू होतो. ड्रायव्हर आत आलेलाच नसतो. इथे एकही गाडी कुणाचा पाठलाग करत नाही, तरी सिनेमातली सर्वांत घुसमटवणारी मिनिटं हीच आहेत.

याच प्रसंगात मॅनचं स्वगत ऐकू येतं, आणि प्रेक्षकांची सर्वांत मोठी तक्रार या स्वगताबद्दल आहे. वीव्हरच्या चेहऱ्यावर सगळं दिसत असताना तेच बोलून कशाला दाखवायचं? तक्रार रास्त आहे. खुद्द स्पीलबर्ग यांनाही हे बोलणं बरंच कमी हवं होतं. पण वाहिनीचा हिशोब वेगळा होता. घरातला प्रेक्षक मधेच उठतो, जाहिरातीनंतर परततो. त्याला धागा हाताशी लागावा म्हणून नायकाचं मन मोठ्याने बोलत राहतं. टीव्हीसाठी केलेली ही तडजोड आज मोठ्या पडद्यावर खुपते.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे, हा माणूस सरळ मागे का फिरत नाही? खरं तर तो बरंच काही करून बघतो. थांबून डुलकी काढतो आणि टँकर पुढे निघून जाईल अशी वाट बघतो. पण टँकर पुढे वाट अडवून उभा असतो. पोलिसांना फोन करायला बूथमध्ये शिरतो, तर टँकर बूथच चिरडतो आणि शेजारी पाळलेल्या सापांच्या पेट्या फोडत सुटतो. मॅन जेमतेम उडी मारून वाचतो. (याच बूथच्या काचेत चौकस प्रेक्षकांनी खुद्द स्पीलबर्ग यांचं प्रतिबिंब शोधून काढलंय.) एका वयस्क जोडप्याकडे मदत मागतो, तर ते घाबरून गाडी काढतात. आपलं कुणी खरं मानत नाही, ही भीती टँकरच्या भीतीइतकीच मोठी आहे, आणि माझ्या मते सिनेमाला मानसशास्त्रीय थरारपट म्हणायचं ते यासाठीच.

शेवटाबद्दलही दोन तट आहेत. मॅन आपली मोटार टँकरवर सोडतो, स्वतः उडी घेतो आणि दोन्ही वाहनं कड्यावरून खाली जातात. टँकरवर ज्वालाग्राही असं ठळक लिहिलेलं असूनही स्फोट होत नाही. वाहिनीलाही तो हवा होता. स्पीलबर्ग यांनी नकार दिला. त्याऐवजी धुळीत हळूहळू गडगडणारं धूड, फिरत राहिलेलं चाक, ठिबकणारं तेल. प्राण जायला वेळ लागणाऱ्या जनावरासारखा तो टँकर मरतो, आणि त्या पडण्यात एका अजस्र प्राण्याची आरोळीही मिसळली आहे. तोच आवाज पुढे ‘जॉज’मधला शार्क समुद्रात बुडताना वापरला गेला. ध्वनिसंकलनासाठी ‘ड्यूएल’ला एमी पुरस्कार मिळाला तो उगाच नाही. कोसळत्या ट्रकचं दार उघडं दिसतं म्हणून ड्रायव्हर निसटला, असंही काही प्रेक्षक ठामपणे सांगतात. त्या दाराचं कारण पडद्याबाहेरचं आहे. स्टंटमन कॅरी लॉफ्टिन यांना अगदी शेवटच्या क्षणी बाहेर उडी घ्यावी लागली होती. हाताशी ट्रक एकच, त्यामुळे दुसऱ्यांदा घेण्याची सोय नव्हती.

प्रेक्षकांची मतं वाचताना एक गोष्ट मात्र सतत ध्यानात ठेवावी लागते. युरोपात थिएटरमध्ये लावण्यासाठी सिनेमा दीड तासापर्यंत वाढवला गेला आणि आज बहुतेक ठिकाणी तीच लांब आवृत्ती बघायला मिळते. घरातून गाडी बाहेर काढण्याची सुरुवात, बायकोला केलेला फोन, रेल्वे फाटकावर टँकरने मोटार मालगाडीकडे ढकलणं आणि शाळेची बस, हे सगळं नंतर घातलेलं आहे. फोनचा प्रसंग मॅनचा दुबळेपणा उघड सांगून टाकतो. आदल्या रात्री पार्टीत कुणीतरी बायकोशी लगट केली आणि हा गप्प राहिला. एवढा खुलासा नसता तरी काही बिघडलं नसतं. बसचा प्रसंग मात्र असा नाही. मुलांनी भरलेली बस बंद पडलेली, मॅनला ती ढकलता येत नाही. बोगद्याच्या तोंडाशी टँकर दिवे लावून उभा राहतो, मॅन मुलांना ओरडून बसमध्ये चढायला सांगतो आणि स्वतः पळ काढतो. मुलं त्यालाच वेड्यात काढतात. मागे वळून पाहतो तर टँकर अलगद बस ढकलून तिला मार्गी लावतोय. टँकरमध्ये निव्वळ राक्षस पाहणाऱ्यांना हा प्रसंग उपरा वाटतो. पण त्या ड्रायव्हरचं वैर जगाशी नाही, फक्त या एका माणसाशी आहे, हे याच एका प्रसंगातून कळतं, आणि वाढीव मिनिटांतलं एवढं एकच काही मूळ टीव्ही सिनेमात असायला हवं होतं असं वाटून जातं.