घाटातील दुसरा ब्रेक : उज्जैनच्या यात्रेस निघणाऱ्या व्हॅनधारकांसाठी

क्षिप्रा नदीच्या काठी वसलेले उज्जैन हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेल्या महाकालेश्वराचे स्थान होय. महाराष्ट्राशी या नगरीचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि पुढे काही काळ उज्जैन हे शिंद्यांच्या राजधानीचे ठिकाण होते. आजही खानदेश, नाशिक, विदर्भ व मराठवाडा या भागांतील असंख्य कुटुंबे दरवर्षी तेथे दर्शनास जातात. २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ भरणार असल्याने ही संख्या आणखी वाढेल.

पूर्वी ही यात्रा रेल्वेने किंवा एस.टी.ने होत असे. आता अनेक कुटुंबे स्वतःच्या किंवा नातलगांच्या व्हॅनने जातात. आजी-आजोबा, लेकी-सुना आणि मुले अशी तीन पिढ्यांची मंडळी एकाच गाडीत बसतात. निघण्यापूर्वी गाडी धुतली जाते, हार घातला जातो, टायरमध्ये हवा भरली जाते. परंतु क्लच, गिअरबॉक्स व शाफ्ट यांची तपासणी क्वचितच होते. गिअरचा बिघाड म्हणजे केवळ खर्चाची व खोळंब्याची बाब, असा समज सर्वत्र आढळतो. घाटाच्या रस्त्यावर हा समज प्राणघातक ठरू शकतो, म्हणून या विषयाची माहिती येथे देण्यात येत आहे.

रस्त्याची रचना

धुळे, शिरपूर, सेंधवा, खलघाट, मानपूर, इंदूर आणि तेथून सुमारे ५५ किलोमीटरवर उज्जैन, हा खानदेशातून जाणारा नेहमीचा मार्ग होय. जुन्या मुंबई–आग्रा रस्त्याचा हा भाग इंदूरपर्यंत आता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ म्हणून ओळखला जातो. या मार्गावर प्रथम सातपुडा आणि नंतर विंध्य असे दोन पर्वत ओलांडावे लागतात. माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच आहे. तापी व नर्मदा यांची खोरी त्याहून बरीच खाली आहेत.

याचा अर्थ असा की, जाताना गाडीला मुख्यतः चढ लागतो आणि मोठे उतार परतीच्या प्रवासात येतात. मानपूर सोडल्यावर धामणोदच्या बाजूस उतरणारा गणपती घाट आणि सेंधव्याच्या पुढे महाराष्ट्राच्या सीमेकडे उतरणारा बिजासन घाट ही दोन्ही ठिकाणे अपघातांमुळे परिचित झाली आहेत. दि. ४ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशाकडून धुळ्याच्या दिशेने येणारा एक कंटेनर ट्रक शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे अनेक वाहनांना धडकून रस्त्यालगतच्या हॉटेलात शिरला. या अपघातात किमान १० जणांना प्राण गमवावे लागले. ट्रकचे ब्रेक निकामी झाले होते, असे प्राथमिक माहितीत सांगण्यात आले. जे यात्रेकरू उज्जैनहून ओंकारेश्वरास जातात त्यांना इंदूर–खंडवा मार्गावरील भेरू घाट उतरावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

परतताना चालक थकलेला असतो, गाडीचे सामान वाढलेले असते आणि जाताना चढावर क्लचने बराच ताण सोसलेला असतो. अशा अवस्थेत गाडी उताराला लागते.

गिअर हा दुसरा ब्रेक कसा?

इंजिनाची ताकद क्लच, गिअरबॉक्स, शाफ्ट व डिफरन्शियल या साखळीतून चाकांपर्यंत पोहोचते. उतारावर ॲक्सिलरेटरवरील पाय काढला की हाच व्यवहार उलट होतो. चाके इंजिनाला फिरवू लागतात. इंजिन सहजासहजी फिरत नाही आणि त्याच्या विरोधामुळे गाडीचा वेग आवरला जातो. गिअर जितका खालचा, तितका हा विरोध अधिक असतो.

शेतकरी बांधवांना ही गोष्ट बैलगाडीवरून सहज समजेल. भरलेली गाडी उतारावर असताना बैल मानेवर जू तोलून ती मागे रेटून धरतात. जू सुटले तर गाडी आपल्या ओझ्याने धावत सुटते. मोटार न्यूट्रलमध्ये टाकून उतरणे म्हणजे जू सोडलेली गाडी उतारावर ढकलणे होय.

मग सारा भार पायाच्या ब्रेकवर पडतो. तो किती असतो, हे एका हिशेबावरून दिसेल. माणसे व सामान धरून गाडीचे वजन १,५०० किलो आहे आणि ती ३०० मीटर उंचीचा घाट उतरते असे समजू. हवेचा व टायरांचा विरोध सोडला, तर या उतारात सुमारे ४४ लाख ज्यूल ऊर्जा आवरावी लागते. २० अंश तापमानाचे सुमारे १३ लिटर पाणी उकळीला आणण्याएवढी ही उष्णता आहे. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर यातील मोठा हिस्सा चाकांजवळच्या ब्रेकच्या लहानशा भागांत साठतो. ते अतिशय तापले की त्यांची पकड कमी होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. जुने झालेले ऑइल या उष्णतेने उकळून त्यात वाफ धरते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

उतारावर न्यूट्रल केल्याने इंधन वाचते, हा समजही चुकीचा आहे. इंजेक्शन पद्धतीच्या आधुनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला असता इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन खर्चच होते. इंजिन बंद करून उतरणे तर अधिक धोक्याचे आहे. त्यामुळे ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत संपते आणि किल्ली फिरवून काढल्यास स्टिअरिंग अडकते.

बिघाडाच्या पूर्वखुणा

१९८४ मध्ये बाजारात आलेली मारुती व्हॅन पुढे ओम्नी या नावाने घरोघर पोहोचली. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. २०१० पासून ईको ही गाडी प्रचारात आहे. या दोन्ही गाड्यांत इंजिन पुढच्या आसनांखाली असून ताकद लांब शाफ्टने मागील चाकांना मिळते. अशा गाड्यांत पुढील खुणांकडे दुर्लक्ष करू नये.

क्लच घसरणे : चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो. क्लच प्लेट झिजल्याची ही खूण आहे. चालताना पेडलवर पाय ठेवून राहणे, चढावर अर्ध्या क्लचवर गाडी उभी धरणे आणि फाजील वजन भरणे ही त्याची प्रमुख कारणे होत. याची परीक्षा सोपी आहे. सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक पूर्ण ओढून सर्वांत वरचा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक आहे. ते चालूच राहिले तर क्लच घसरत आहे. ही परीक्षा वारंवार करू नये आणि करताना गाडीसमोर कोणासही उभे राहू देऊ नये.

गिअर सुटणे : चालत्या गाडीत दांडा आपोआप न्यूट्रलमध्ये येतो. गिअरचे दाते, आतील स्प्रिंग किंवा जोडणीचे भाग झिजल्याने असे होते. दांडा हाताने दाबून धरून काम भागविण्याची सवय काही चालकांना असते, ती घातक आहे. घाटात गिअर सुटला आणि वेग वाढला की खालचा गिअर पुन्हा पडणे कठीण होते.

ऑइलची गळती : रात्री उभ्या गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी गाडीच्या मधल्या किंवा मागील भागाखाली जाड तेलाचे डाग दिसले तर गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियलची सील तपासून घ्यावी. ऑइल कमी झाले की बेअरिंग व दाते कोरडे घासतात, घरघर ऐकू येते आणि शेवटी गिअरबॉक्स अडकून बसू शकतो.

शाफ्टचा क्रॉस झिजणे : गाडी निघताना किंवा मागे घेताना ‘कट्’ असा आवाज येतो आणि वेगात खालून थरथर जाणवते. क्रॉस तुटल्यास शाफ्ट रस्त्यावर पडू शकतो आणि इंजिनाचा विरोधही त्याच क्षणी नाहीसा होतो.

यांपैकी एकही खूण आढळल्यास दुरुस्ती यात्रेहून परतल्यावर न करता निघण्यापूर्वी करावी. त्याच वेळी ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल व हँडब्रेक यांचीही तपासणी करून घ्यावी.

आसने तेवढीच माणसे

वरील हिशेबात माणसांचे व सामानाचे ३०० किलो वजन अधिक धरले तर उष्णता १३ ऐवजी सुमारे १६ लिटर पाणी उकळण्याएवढी होते. फाजील गर्दीने केवळ जागेची अडचण होते असे नाही. तिचा बोजा क्लच, गिअर व ब्रेक या तिन्हींवर एकाच वेळी पडतो. छतावरील सामानाने गाडी वळणावर कलंडण्याचा धोकाही वाढतो.

दुसरी गोष्ट अशी की, या गाड्यांची पुढची बाजू आखूड असल्याने समोरून धडक बसल्यास पुढे बसलेल्यांच्या पायांशी फारसे अंतर उरत नाही. २०१६ मध्ये ग्लोबल एन्‌कॅप या संस्थेने केलेल्या धडक चाचणीत त्या वेळच्या, एअरबॅग नसलेल्या ईकोला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी एकही तारा मिळाला नाही. त्यानंतर नियम कडक झाले असले तरी जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच. म्हणून पुढील व मागील सर्वांनी पट्टा लावावा, मुलांना मांडीवर घेऊ नये आणि सामानाच्या जागेत कोणासही बसवू नये. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा अधिनियमानुसार पट्टा न लावल्यास किंवा १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याने अथवा मुलांच्या आसनात सुरक्षित न बसविल्यास १,००० रुपये दंड आहे.

शिक्षकांनी सहलीसाठी आणि गावकऱ्यांनी यात्रेसाठी खासगी नोंदणीची गाडी भाड्याने घेऊ नये. तिला प्रवासी वाहतुकीचा परवाना नसतो आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते.

दोष कारखान्याचा असल्यास

प्रत्येक बिघाड वापरामुळेच होतो असे नाही. २००४ मध्ये होंडा कंपनीने अमेरिकेत ओडिसी या कौटुंबिक व्हॅनसह सुमारे ११ लाख गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. गिअरबॉक्समधील दुसरा गिअर तापून त्याचे दाते तुटण्याची आणि चालत्या गाडीत गिअरबॉक्स अडकण्याची शक्यता दिसून आली होती.

आपल्याकडेही २०१९ च्या सुधारणेने मोटार वाहन अधिनियमात कलम ११०-अ घालण्यात आले असून त्याखालील नियम दि. १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. चालक, प्रवासी किंवा रस्त्यावरील इतरांना अपाय होईल असा दोष एकाच प्रकारच्या गाड्यांत ठरावीक प्रमाणात आढळला, तर केंद्र सरकार उत्पादकास त्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. अशा वेळी उत्पादकाने दोष दुरुस्त करणे, गाडी बदलून देणे किंवा किंमत परत करणे बंधनकारक असते. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना हे नियम लागू असून वाहनधारकास केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदविता येते. दुरुस्तीची बिले जपून ठेवल्यास तक्रारीस आधार मिळतो. गावातील शिक्षक व ग्रामपंचायतीचे कर्मचारी यांनी याबाबत वाहनधारकांना साहाय्य करणे इष्ट ठरेल.

घाट उतरताना

घाट चढण्यासाठी जो गिअर लागेल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. गिअर उतारापूर्वीच बदलावा. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर निवडण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा. ब्रेकवर सतत पाय ठेवू नये. वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबून वेग कमी करावा व पाय काढावा. ब्रेकचा जळका वास आल्यास सुरक्षित जागी थांबून ते निवू द्यावेत. अवजड वाहनाच्या अगदी पुढे किंवा मागे राहू नये.

तरीही गिअर सुटला वा ब्रेक लागेनासा झाला, तर किल्ली बंद करू नये. ब्रेकचे पेडल भराभर दाबून पाहावे. क्लच दाबून, इंजिनाचा वेग थोडा वाढवून तिसरा आणि मग दुसरा गिअर टाकण्याचा प्रयत्न करावा. हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढावा. हॉर्न व धोक्याचे दिवे चालू ठेवून गाडी दरीच्या बाजूस न नेता डोंगराच्या बाजूस घ्यावी. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक उपयोगी पडतात.

क्लच, गिअर ऑइल, शाफ्टचा क्रॉस व ब्रेक यांची पाहणी जाणकार मेकॅनिक एका दिवसात करू शकतो. यात्रेचा दिवस ठरविताना कुटुंबप्रमुखाने या तपासणीचा दिवसही त्याच वेळी ठरवावा आणि चालकाला उज्जैनमध्ये पुरेशी झोप मिळाल्यावरच परतीचा प्रवास सुरू करावा.