पेपर बंद करायचाय

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनी सकाळीच दार वाजवून आत आल्या. हातात मोबाइल. "भाऊजी, जरा बघता का? उद्या माझ्या खात्यातून पैसे जाणार म्हणे." बँकेतून निवृत्त होऊन मला काही वर्षे झाली, पण सोसायटीच्या लेखी मी अजून काउंटरवरच बसलेला असतो.

मेसेज बँकेचा होता. एका वर्तमानपत्राच्या डिजिटल आवृत्तीची वार्षिक वर्गणी दुसऱ्या दिवशी वहिनींच्या कार्डावरून वळती होणार होती. वर्गणीदार होते त्यांचे यजमान, आमचे नाना. नानांना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.

शेवटची दोन वर्षे नानांना बारीक टाइप दिसत नसे. मुलाने टॅब्लेट आणून दिला. नाना अक्षरे बोराएवढी करत आणि वहिनींची भाजी निवडून होईपर्यंत त्यांना अग्रलेख वाचून दाखवत. कार्ड वहिनींचे, ई-मेल नानांचा, असा तो संयुक्त संसार होता.

"बंद करून टाकू," मी म्हणालो. पाच मिनिटांचे काम! प्रत्यक्षात सव्वा तास गेला. 'रद्द करा' हे बटण दिसेचना. तीन दालने ओलांडल्यावर ते फिकट करड्या अक्षरांत सापडले. दाबले, तर निम्म्या किमतीची सवलत पुढे आली. ती नाकारली, तर प्रश्न आला: जगात काय चालले आहे हे जाणून घ्यायची तुमची इच्छा उरली नाही का? वहिनी त्या प्रश्नाकडे बघत राहिल्या. मग ई-मेलवर पाठवलेला संकेतांक मागितला गेला. ई-मेलचा पासवर्ड नाना बरोबर घेऊन गेले होते. शेवटी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "कृपया वर्गणीदारांना फोनवर द्या." वहिनींनी काही न बोलता फोन ठेवून दिला.

मला आमच्या शाखेतले 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन'चे रजिस्टर आठवले. विम्याचा हप्ता, रिकरिंगचा हप्ता, मुलाच्या वसतिगृहाचे पैसे. ग्राहकाने एकदा लिहून दिले की दरमहा आपोआप जात. थांबवायचे असेल तर साध्या कागदावर दोन ओळींचा अर्ज. सही पडताळायची, नोंदीवर लाल शाईने आडवी रेघ मारायची, संपले. का थांबवता, हे विचारायचा आम्हाला अधिकार नव्हता. पैसे ग्राहकाचे, मर्जी ग्राहकाची.

आजही कायदा याहून वेगळे सांगत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून असे आवर्ती पैसे वळते करण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावे लागते आणि दिलेली संमती केव्हाही मागे घेण्याची सोय त्याच्या बँकेनेच ऑनलाइन द्यायची असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसवेगिरीचे १३ प्रकार नोंदवून त्यांना मनाई केली. वर्गणी रद्द करणे अशक्य किंवा किचकट करून ठेवणे हा त्यांतला एक. 'नाही' म्हणणाऱ्याला ओशाळवाणे करणे हा दुसरा. दाद मागायला १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. शहाण्याने आणखी एक करावे. ठेवी आणि लॉकर ज्या वहीत लिहून ठेवतो, तिच्यातच आपोआप जाणाऱ्या वर्गण्या, त्या कोणत्या कार्डावर आणि कोणत्या ई-मेलवर आहेत, हेही लिहावे. मागे राहणाऱ्याची धावपळ वाचते.

वर्तमानपत्राने वर्गणी मागू नये असे मी मुळीच म्हणणार नाही. बातमी फुकट तयार होत नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढले, तेव्हापासून मराठी पत्रांना वर्गणीदाराचा आधार लागत आला आहे. पण वर्गणीदार हा आपण होऊन आलेला माणूस. दाराला आतून कडी घालून त्याला थांबवले, की तो वर्गणीदार राहत नाही, अडकलेला माणूस होतो. आणि सरकारी कारभारातल्या पळवाटांवर अग्रलेख लिहिणाऱ्यांनी आपल्याच घराला बाहेर पडायची वाट ठेवू नये, हे शोभत नाही.

अखेर आम्ही वहिनींच्या बँकेच्या संकेतस्थळावर गेलो. कार्डावरची ती संमती मागे घेतली. दोन मिनिटे लागली. "झालं," मी म्हणालो. वहिनींनी टॅब्लेटच्या काचेवरून पदर फिरवला. "म्हणजे आता यात पेपर यायचा नाही?" मी मान हलवली. बंद करण्याच्या खटपटीत काय बंद होते आहे, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

चार दिवसांनी सकाळी त्यांच्या दाराच्या कडीत छापील पेपर खोचलेला दिसला. आता भाजी निवडायच्या आधी अग्रलेख त्या स्वतः वाचतात, तोही मोठ्याने. भिंतीपलीकडून मला ऐकू येतो. मी विचारले, "पुन्हा वर्गणी भरलीत?"

"हो. पण या खेपेला विचारून घेतलं," वहिनी म्हणाल्या. "बंद करायचा झाला तर काय करायचं? तर मुलगा म्हणाला, गॅलरीतून हाक मारा, आजी."