बरा न होणारा आजार, त्याची शुश्रूषा आणि संशोधन

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजेच उपशामक उपचार, ही गंभीर आजारातील वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश, भीती आणि घरच्यांची ओढाताण कमी करणारी वैद्यकीय सेवा आहे. मूळ आजारावरचे उपचार चालू असतानाही ती देता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 5 कोटी 68 लाख लोकांना तिची गरज भासते. ती मिळते मात्र जेमतेम 14 टक्क्यांना.

या सेवेला आधुनिक रूप दिले सिसिली साँडर्स यांनी. 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे असाध्य आजाराच्या रुग्णांचे शुश्रूषागृह, सुरू करताना त्यांनी शरीराची वेदना आणि मनाची, घरची, पैशाची विवंचना यांचा एकत्र विचार केला. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती अवेदना, 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला उभे राहिले. पुढे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला, 1997 मध्ये पुण्यात वारज्याला सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र सुरू झाले आणि 2012 पासून टाटामध्ये या विषयात एम.डी.चे शिक्षणही मिळू लागले.

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. ते ज्यापासून बनते ती अफू कायदेशीरपणे पिकवणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे, तरी 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात हे औषध रुग्णालयांतून जवळजवळ नाहीसे झाले. देशातला वैद्यकीय वापर काहीशे किलोंवरून 1997 मध्ये सुमारे 18 किलोंपर्यंत घसरला. 2014 च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत झाले. इतकी वर्षे असंख्य माणसे टाळता येण्याजोग्या वेदनेत तळमळत गेली, ही या देशाच्या वैद्यकीय इतिहासातील मोठी नामुष्की आहे.

दुखण्यावर संशोधन करायचे तर ते आधी मोजावे लागते. रक्ताच्या तपासणीत वेदना दिसत नाही. रुग्णालाच विचारावे लागते. कॅनडातील एडमंटन येथे 1991 मध्ये तयार झालेल्या तक्त्यात रुग्ण वेदना, थकवा, भूक, उदासी अशा एकेका त्रासाला शून्य ते दहा गुण देतो. कर्करोग्यांच्या जीवनमानाची युरोपीय प्रश्नावली टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी मराठी आणि हिंदीत रुग्णांवर पडताळून पाहिली. ते निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. या कामाला झगमगाट नाही, पण त्यावाचून खेड्यातून आलेल्या रुग्णाचे म्हणणे आकड्यांत उतरलेच नसते.

अशा अभ्यासांत अडचणी पुष्कळ. अभ्यास अर्ध्यावर असतानाच काही रुग्ण दगावतात, कुणाला प्रश्नांची उत्तरे देण्याचे त्राण उरत नाही. नातेवाइकांनी रुग्णाच्या वतीने दिलेली उत्तरे त्याच्या स्वतःच्या उत्तरांशी नेहमीच जुळतात असे नाही.

2010 मध्ये बॉस्टनच्या जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास गाजला. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या 151 रुग्णांपैकी काहींना निदानानंतर लगेच उपशामक सेवा जोडून दिली. त्यांचे जीवनमान सुधारले, नैराश्य कमी झाले आणि ते जास्त जगलेही: त्यांच्या आयुर्मानाचा मध्यक 11.6 महिने, तर नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांचा 8.9 महिने.

टाटा रुग्णालयात डोके व मानेच्या असाध्य कर्करोगाच्या 180 रुग्णांवर असाच प्रयोग झाला. तेथे मात्र लवकर सुरू केलेल्या सेवेने जीवनमानात, त्रासात किंवा आयुर्मानात लक्षणीय फरक दिसला नाही. हा निष्कर्ष प्रामाणिकपणे छापला गेला, हे महत्त्वाचे. सेवा निरुपयोगी आहे असे त्यातून निघत नाही. तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात गिळणे, बोलणे, चेहरा सगळेच बाधित होते. फुप्फुसाच्या रुग्णांसाठी आखलेली पद्धत तशीच्या तशी तेथे लागू पडेल असे धरून चालता येत नाही. कोणाला, केव्हा, किती भेटी हव्यात, याची उत्तरे इथेच शोधावी लागतील.

घरच्या शुश्रूषा करणाऱ्यांवरचे संशोधन अजून तोकडे आहे. स्टीव्हन झॅरिट यांनी 1980 च्या सुमारास स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठी तयार केलेली प्रश्नावली आज इतर आजारांतही वापरतात: स्वतःसाठी वेळ मिळतो का, स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष राहते का, पैसा पुरतो का. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 122 घरच्यांना प्रशिक्षित परिचारिकांनी फोनवरून आधार दिला. ज्यांना तो लवकर मिळाला, त्यांच्यातले नैराश्य तीन महिन्यांनी इतरांपेक्षा कमी होते. फोनवरची ही पद्धत विदर्भ-मराठवाड्यासारख्या लांबच्या भागांसाठी पडताळून पाहण्याजोगी आहे.

परळला येणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांसोबत पत्नी, मुलगा किंवा सून असते. कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहते, कुणी फुटपाथवर. रोजगार बुडतो, गावाकडे मुले नातेवाइकांकडे असतात. त्यातच ‘त्यांना काही सांगू नका’ असा घरच्यांचा हट्ट असतो. रुग्णाला बहुधा सगळे कळलेले असते आणि तो व घरचे दोघेही एकटे पडतात. डॉक्टर व समुपदेशक अशा वेळी रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी त्यालाच विचारतात.

घरपोच सेवेत दक्षिण पुढे आहे. केरळने 2008 मध्ये स्वतंत्र धोरण आखले. तमिळनाडूने 5 ऑगस्ट 2021 रोजी सुरू केलेल्या ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ योजनेत रक्तदाब-मधुमेहाच्या औषधांबरोबर घरी उपशामक सेवाही दिली जाते. आजाऱ्याच्या मृत्यूनंतर घरच्यांची विचारपूस करणे हाही या सेवेचाच भाग मानला जातो.