विश्लेषण : महागड्या किराणा दुकानांत गर्दी दिसते, मग तोटा का होतो?

इटलीचं ऑलिव्ह ऑइल, डच चीज, एसीचा गारवा आणि किंमत न बघता ट्रॉली भरणारे ग्राहक. असं दुकान तोट्यात असेल, असं बाहेरून पाहणाऱ्याला वाटत नाही. पण मुंबईतल्या दोन मोठ्या नावांचं काय झालं, ते बघा.

'नेचर्स बास्केट' 2005 मध्ये सुरू झालं. गोदरेज समूहानं 2019 मध्ये ही साखळी स्पेन्सर्स रिटेलला 300 कोटी रुपयांना विकली. तेव्हा मुंबई, पुणे आणि बंगळुरूत मिळून तिची 36 दुकानं होती. मालक बदलला, पण दिवस पालटले नाहीत. 2019-20 ते 2023-24 अशी सलग पाच वर्षं स्पेन्सर्सच्या एकत्रित हिशेबात तोटाच दिसतो. अर्थात, हा सगळा तोटा नेचर्स बास्केटचा नाही. त्यात स्पेन्सर्सच्या स्वतःच्या दुकानांचाही वाटा आहे.

दुसरं नाव 'फूडहॉल'. लोअर परळच्या पॅलेडियम मॉलमध्ये 2011 मध्ये ते उघडलं आणि शहरात त्याची चर्चा झाली. पुढे फ्युचर समूहच कर्जात बुडाला. 2022 मध्ये फ्युचर रिटेलवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि फूडहॉलही बंद पडलं. इथे दुकानापेक्षा घर कोसळलं, असं म्हणावं लागेल.

गणित कुठे फसतं?

समजा, दुकानदारानं 100 अ‍ॅव्होकॅडो प्रत्येकी 100 रुपयांना घेतले आणि 140 रुपयांना विकायला ठेवले. कागदावर नफा 4,000 रुपये. त्यातले 25 सडले, तर विक्री होते 10,500 रुपयांची. हातात उरले 500. यातूनच गाळ्याचं भाडं, फ्रीजचं वीजबिल आणि पगार भागवायचे! (आकडे उदाहरणादाखल आहेत, पण ताज्या मालाचा धंदा असाच चालतो.)

गहू-तांदूळ महिनाभर पडून राहिले तरी बिघडत नाहीत. मात्र ग्राहक ते इथून घेतच नाही. चीज आणि ब्रोकोली इथून, डाळ-तेल-साबण डीमार्टमधून किंवा कोपऱ्यावरच्या वाण्याकडून. त्यामुळे बिल मोठं दिसलं, तरी घरातला रोजचा खर्च दुसरीकडेच जातो. डीमार्टचं गणित बरोबर उलटं आहे: माल रोजच्या गरजेचा, मार्जिन कमी, माल झटपट संपतो आणि भर स्वतःच्या मालकीच्या जागांवर.

आता ब्लिंकिट, झेप्टोवरही अ‍ॅव्होकॅडो मिळतो. त्यांच्या डार्क स्टोअरला मोक्याच्या रस्त्यावरचा गाळा लागत नाही, की सजावटही लागत नाही.

मग चालतं कोणाचं?

लॉस एंजेलिसचं 'एरेव्हॉन' बघा. तिथली एक स्मूदी 2022 मध्ये सुमारे 17 डॉलरना विकली जात होती आणि ती घ्यायला लोक येत होते. स्मूदी किंवा तयार जेवण यांचं तसं आहे, की फळाची किंमत ग्राहक दुसऱ्या दुकानाशी ताडून बघू शकतो, स्मूदीची नाही. उलट न्यूयॉर्कच्या 'डीन अँड डेलुका'नं 1977 पासून नाव कमावलं, तरी 2020 मध्ये त्यांना दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. त्यामुळे नुसत्या नावावर भागत नाही.

याचा एक धागा आपल्या शेतापर्यंत जातो. पुणे-नाशिक पट्ट्यातले काही शेतकरी ब्रोकोली, झुकिनी, लेट्युस पिकवतात. अशी भाजी गावच्या आठवडी बाजारात सहज खपत नाही. शहरातलं एखादं दुकान बंद झालं, की त्यांना नवा गिऱ्हाईक शोधावा लागतो, आणि लेट्युस तोपर्यंत थांबत नाही.