उपटलेलं रोप वाफ्यात परत येत नाही

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. विषय आहे डोक्यावर केस लावायचं ऑपरेशन, म्हणजे हेअर ट्रान्सप्लांट. पण हा विषय आता बचत गटाच्या बैठकीपर्यंत येऊ लागलाय. पंचवीस वर्षांच्या पोराचं कपाळ मागं सरकतं, सोयरिकीला गेलं की पाहुणे आधी डोक्याकडं बघतात, आणि मग आई गटाकडं कर्ज मागते. खर्च 50 हजारांपासून दीड लाखापर्यंत सांगितला जातो. त्यातच मोबाईलवर एक नवी गोष्ट ऐकायला मिळते की, आता असं औषध आलंय, ज्या जागेवरून केस काढले तिथं व्रण राहत नाही आणि केसही परत उगवतात. कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी यातलं खरं किती, ते समजून घेऊ.

मूळ जिवंत आहे का, ते बघा

लसूणघास कापला की पुन्हा फुटतो, कारण मूळ जमिनीत असतं. लेकराचं जावळ काढलं तरी केस परत येतात, त्याचंही कारण तेच. वाशिमच्या पलीकडं बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड अशा गावांत 2024 च्या अखेरीस आणि जानेवारी 2025 मध्ये काय झालं, ते तुम्हाला आठवत असेल. बायाबापड्यांचे, लेकरांचे केस दोन-तीन दिवसांत मूठमूठ गळू लागले. डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथला रेशनचा गहू तपासून घेतला आणि त्यात सेलेनियम फार जास्त असल्याचं सांगितलं. लोक घाबरले होते, पण पुढं अनेकांचे केस पुन्हा आले. केस गळाले होते, मुळं मेली नव्हती.

हेअर ट्रान्सप्लांटमध्ये मात्र मूळच काढतात. आपण कांद्याचं रोप वाफ्यातून उपटून रानात लावतो, तसंच. डोक्याच्या मागच्या आणि कानाच्या वरच्या भागातले केस टक्कल पडलं तरी सहसा टिकून राहतात. तिथून एकेक मूळ साधारण एक मिलिमीटर रुंदीच्या पोकळ सुईनं काढून पुढं लावतात. कधी मागची कातडीची पट्टीच कापून घेतात आणि टाके घालतात. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख या डॉक्टरांनी 1959 मध्ये मांडलं की, मागचा केस पुढं लावला तरी तो आपला मूळ गुण सोडत नाही, टिकतो. त्याच्याही आधी, 1939 मध्ये जपानचे डॉक्टर ओकुदा यांनी भाजून केस गेलेल्या जागी केस लावले होते.

लावलेला केस पहिल्या महिन्या-दीड महिन्यात गळतो. तीन-चार महिन्यांनी नवा फुटू लागतो आणि पूर्ण फरक दिसायला वर्ष लागतं. पण मागचा वाफा तेवढा रिकामा झालेला असतो. तिथं बारीक पांढरे ठिपके राहतात, पट्टी काढली असेल तर लांब रेघ राहते. म्हणून मागचे केस ही जन्मभराची एकदाच मिळालेली ठेव समजा. बावीस-तेविसाव्या वर्षी ती उधळली, आणि पुढं टक्कल वाढतच गेलं, तर पुढचे लावलेले केस तेवढे एकटे उभे राहतात आणि भरायला मागं काही उरत नाही.

व्रण का पडतो, आणि नवं औषध काय करतं

जखम झाली की शरीराला घाई असते. फाटलेलं लुगडं जसं घाईत जाड दोऱ्यानं टाचावं, तसं शरीर ताठ धाग्यांनी जखम बुजवून टाकतं. या जोडात केसांची मुळं नसतात, घामाच्या ग्रंथीही नसतात. त्यालाच आपण व्रण म्हणतो.

अमेरिकेतल्या स्टॅनफोर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 मध्ये उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्हर्टेपोर्फिन नावाचं औषध त्यांनी जखमेत टोचलं. त्या औषधानं व्रण तयार करणाऱ्या पेशींना मिळणारा इशारा अडवला, आणि जखम भरली तेव्हा तिथं केस आणि ग्रंथी पुन्हा दिसल्या. हे औषध मुळात डोळ्याच्या पडद्याच्या एका आजारासाठी वापरतात. मग काही देशांतल्या केसांच्या डॉक्टरांनी डोक्याच्या मागच्या छोट्या जागेवर ते टोचून पाहिलं. काही ठिकाणी थोडे केस परत आल्यासारखे दिसले.

ही बातमी आशेची आहे, पण आशा म्हणजे इलाज नव्हे. उंदराची कातडी सैल असते आणि आपल्यापेक्षा वेगळ्या रीतीनं भरते. माणसांवरचे प्रयोग मोजक्याच जणांवर झालेत. टोचायचं किती, कधी आणि दहा वर्षांनी काय होईल, हे ठरलेलं नाही. याआधीही असं झालंय. इंग्लंडच्या रेनोव्हो कंपनीनं व्रण कमी करणारं जुव्हिस्टा नावाचं औषध काढलं होतं. 2009 मध्ये सुरुवातीच्या चाचण्या चांगल्या निघाल्या. 2011 मध्ये मोठ्या चाचणीत ते औषध फोल ठरलं.

चाचणी आणि विक्री यातला फरक

आपल्या देशात नव्या औषधाची चाचणी करायची तर 2019 चे नियम आहेत. नीतिसमितीची परवानगी लागते, सरकारी नोंदवहीत चाचणीची नोंद लागते, आणि रुग्णाला त्याच्या भाषेत सगळं समजावून लेखी संमती घ्यावी लागते. चाचणीमुळं इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. यातलं काहीच न दाखवता कोणी 'नवं इंजेक्शन' म्हणून वरचे पैसे मागत असेल, तर ती चाचणी नाही, विक्री आहे.

ऑपरेशनही किरकोळ समजू नका. मार्च 2019 मध्ये मुंबईत 43 वर्षांच्या एका व्यावसायिकाचा अशा ऑपरेशननंतर मृत्यू झाला. एकाच वेळी सुमारे साडेनऊ हजार केस लावल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं स्पष्ट सांगितलं की, यूट्यूब किंवा कार्यशाळा बघून हे काम सुरू करता येत नाही, त्यासाठी रीतसर प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा.

कर्ज देण्याआधी गटानं विचारायचे प्रश्न

1. केस का जातात, हे त्वचारोगतज्ज्ञाला दाखवलं का? नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवता येतं. रक्त कमी असणं, थायरॉईड, टायफॉईडसारखा ताप, यानंतर गेलेले केस ऑपरेशनविना परत येऊ शकतात.

2. औषधानं टक्कल थांबवायचा प्रयत्न झाला का? एक सूचना: फिनास्टेराइडची गोळी चालू असेल, तर घरातल्या गरोदर बाईनं फुटलेल्या गोळीला हात लावू नये. पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो.

3. सुई प्रत्यक्ष कोण चालवणार? डॉक्टरचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक कागदावर आहे का?

4. किती मुळं काढणार, आणि मागं किती शिल्लक राहणार?

5. जीवावर बेतलं तर तिथं प्राणवायू आणि तातडीची औषधं आहेत का?

आपल्या व्रणांचं काय

हळद शिजवताना भाजणं वसमतपासून कळमनुरीपर्यंत आपल्याकडं नवं नाही. भाजल्याबरोबर वीस मिनिटं साधं गार पाणी सोडत राहा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. जखम भरून व्रण जाड होऊ लागला, खाजू लागला, तर लवकर दाखवा. सिलिकॉनची पट्टी, दाब देणारा कपडा, व्रणात टोचायचं इंजेक्शन, हे उपाय आजच उपलब्ध आहेत. उशीर केला तर सांधा आखडतो.

उद्या व्रण न ठेवणारं औषध खरंच आलं, तर त्याचा पहिला हक्क भाजलेल्या हाताला आणि आखडलेल्या मानेला असावा, असं मला वाटतं. पोराच्या टकलापायी मात्र गटाचे पैसे आजच्या अर्धवट आशेवर लावू नका. आणि सोयरीक बघायला जाल तेव्हा पोराच्या डोक्यावरचे केस मोजण्यापेक्षा त्याचं वागणं आणि कष्ट विचारा. हे आपल्या हातात आहे, कारण पाहुण्यांमध्ये आपणही असतो.